जुन्नरच्या द्राक्षांचा फेस

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मद्याचा इतिहास कशाला, असे मंडळातील ज्येष्ठांनी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. माझे उत्तर एवढेच, की ज्या मद्याविषयी लिहितो आहे ते माझ्या जुन्नर तालुक्यात तयार होत असे, आणि बंगळुरातील इतक्या वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट ठाऊक असलेला मराठी माणूस मला क्वचितच भेटला.

फ्रान्सच्या ईशान्येस शँपेन नावाचा थंड प्रांत आहे. तेथे द्राक्षांचा रस आंबत असतानाच हिवाळा येतो आणि किण्वाची क्रिया थांबते. वसंतात ऊब लागताच ती पुन्हा सुरू होते. तोवर मद्य बाटलीत बंद झाले असेल तर वायूला वाट मिळत नाही. हाच तो फेस. ओव्हिलेर येथील मठातील दों पेरिन्याँ या साधूने त्याचा शोध लावला, ही आख्यायिका खरी नव्हे. १६६८ ते १७१५ या काळात मठाचे तळघर सांभाळणारा हा गृहस्थ फेस टाळण्याच्याच खटपटीत होता, कारण बाटल्या फुटत. (आमच्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला तो याच काळात, १६७४ साली.) निरनिराळ्या मळ्यांच्या द्राक्षांचे कुशल मिश्रण ही त्याची खरी कामगिरी. साखर घालून मद्यास फेस आणण्याची रीत तर ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती.

पुढे ही रीत शास्त्रशुद्ध झाली. तयार मद्यात दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर व किण्व घालून बाटली बंद करतात. आत वायूचा दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या जवळजवळ तिप्पट! मग बाटल्या हळूहळू उलट्या करीत, रोज थोड्या फिरवीत, गाळ तोंडाशी आणावयाचा. यासाठी भोके पाडलेल्या फळीची युक्ती १८१६ च्या सुमारास मादाम क्लिको या विधवा उद्योजिकेच्या तळघरात निघाली. शेवटी बाटलीची मान गोठवून गाळाचा गोळा उडवितात, उणे झालेले मद्य भरतात आणि बूच तारेने बांधतात.

हे सारे १९८० च्या दशकात नारायणगावी घडू लागले. उद्योजक श्यामराव चौगुले यांनी 'शँपेन इंडिया' ही कंपनी काढली व पायपर-हाइडसिक या फ्रेंच कंपनीचे तंत्रसाहाय्य मिळविले. अडचण हवामानाची. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात गोडी छाटणी करून त्यास वळण लावावे लागते. उन्हाने गोडी वेगाने वाढते आणि आंबटपणा उतरतो. फेसाळ मद्यास तर आंबटपणाच हवा. म्हणून द्राक्षे लवकर तोडावयाची आणि निसर्गाने न दिलेली थंडी यंत्राने निर्माण करावयाची. लहानपणी एस.टी.तून जाताना मोठी माणसे हळू आवाजात त्या कारखान्याविषयी बोलत, ते आठवते. त्यात एवढी विद्या भरली आहे हे कोणी सांगितले नाही.

मद्य परदेशी गेले ते 'ओमर खय्याम' या नावाने. देशात त्याचे नाव 'मार्क्विस द पॉम्पादूर'. एक इराणचा कवी, दुसरी फ्रेंच राजाची प्रियपात्र! शिवनेरीच्या परिसरातील मातीचे नाव दोहोंतही नाही. आणि फ्रेंच मंडळी तर 'शँपेन' हे आपल्या प्रांताचे नाव इतरांच्या बाटलीवर दिसताच कोर्टात जातात. याचे मला वैषम्य वाटते.

पुढे कंपनी कर्जात रुतली आणि २०१० नंतर बुडाली. तोवर नाशिक पुढे आले होते. २००१ च्या राज्य धोरणाने तेथील वायनरींना बळ दिले आणि २०१३ मध्ये शांदों या फ्रेंच घराण्याचे मद्य दिंडोरीत तयार होऊ लागले. आपल्या नंदी टेकड्यांजवळची ग्रोव्हर कंपनीही २०१२ मध्ये नाशिकच्या झांपाशी जोडली गेली. नारायणगावच्या बाजारात आज टोमॅटोची आवक मोठी. माझ्या मामांच्या जुन्या द्राक्षबागेतही टोमॅटोच आहेत.