तबकडीत उतरलेले पाऊल

2009 सालच्या दिवाळीतली गोष्ट. धाकट्या भावाचे बिऱ्हाड तेव्हा न्यू जर्सीला होते आणि त्याच्या मुलाला नुकतेच वर्ष पुरे झाले होते. आमच्या आईचे गुडघे त्या प्रवासाला राजी नव्हते. नातू तिने टेलिफोनवर ऐकलेला, पाहिलेला नव्हता. भावाने पाऊण तासाची फिल्म घेऊन इंटरनेटवरून पाठवली. तालुक्याच्या गावी जाऊन मी ती उतरवून घेतली, कोऱ्या डीव्हीडीवर चढवली, आणि लक्ष्मीपूजन आटोपल्यावर सगळ्यांसमक्ष टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये मोठ्या ऐटीने सारली. प्लेअरने दोन-तीन वेळा घरघर केली आणि पडद्यावर अक्षरे उमटली : ‘नो डिस्क’. तबकडी पोटात असताना नाही म्हणायचे, हा त्याचा कोडगेपणा मला तरी असह्य झाला. आई मात्र शांतपणे म्हणाली, “कोरीच दिली वाटतं रे त्यानं.”

कोरी नव्हती. मग प्लेअरला ती वाचता का येऊ नये? या प्रश्नापायी मी जो इतिहास धुंडाळला, तो मोठा मौजेचा आहे.

आपल्याकडे तबकडी म्हटली की ग्रामोफोन आठवतो. ती काळी तबकडी कडेकडून आत वाजत जाई. नवी रुपेरी तबकडी त्याच्या उलट, आतून कडेकडे वाचली जाते. हॉलंडच्या फिलिप्स व जपानच्या सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती घडवली, आणि 1982 साली ती जपानात विक्रीला आली. व्यास 12 सेंटिमीटर, जाडी 1.2 मिलिमीटर, पण तिच्यातली खळग्यांची नागमोडी वाट सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. त्या वाटेवरून लेसरचा किरण धावतो. खळगा व सपाटी यांतून परतणाऱ्या प्रकाशाच्या फरकावरून यंत्र आकडे जाणते, आणि आकड्यांचे गाणे करते. 74 मिनिटांचे संगीत एका तबकडीत मावू लागले.

गाणे मावले, चित्र मावेना. साधा हिशेब करून पाहा. 352 गुणिले 288 ठिपक्यांचे लहानसे चित्र, सेकंदाला अशी 25 चित्रे. ती जशीच्या तशी साठवली तर सेकंदाला सुमारे 38 लाख बाइट लागतात. तबकडीची धारणा साधारण 65 कोटी बाइट. म्हणजे तीन मिनिटे होण्याच्या आतच ती काठोकाठ भरावयाची! सव्वा तासाचे चित्र तिच्यात बसवावयाचे, तर ते पंचवीस-सव्वीसपट आटवणे भाग होते.

या आटवण्याच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे, हे वाचून मला शाळामास्तराचा अभिमान वाटला. नासिर अहमद हे 1940 साली बंगळूरला जन्मले, तिथेच अभियांत्रिकी शिकले आणि पुढे अमेरिकेत कॅन्सास स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1972 साली त्यांनी एका गणिती रीतीच्या संशोधनासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे मदत मागितली. ती नाकारली गेली. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 साली त्यांनी ती रीत प्रसिद्ध केली. चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनातली ठळक छटा व बारीक कलाकुसर गणिताने वेगळी काढावयाची. आणि जी कलाकुसर गेली तरी डोळ्याला चुकल्यासारखे वाटत नाही, ती सोडून द्यावयाची. गव्हाची रास पाखडावी, तसलाच हा प्रकार.

1988 साली इटलीचे लिओनार्दो किआरिलिओने व जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने ‘एमपेग’ नावाची तज्ज्ञमंडळी जमली. त्यांनी पाखडण्याला आणखी एका युक्तीची जोड दिली. अंगणात मूल रांगत असेल तर मागची भिंत पुन्हापुन्हा कशाला लिहा? ती एकदा लिहा आणि पुढच्या चित्रांत जेवढे हलले तेवढेच नोंदवा. या नियमांवर 1993 साली व्हिडिओ सीडी उभी राहिली. चीनमधल्या हफेई शहरातील वानयान कंपनीने त्याच साली तिचा घरगुती प्लेअर काढला, आणि पुढच्या काही वर्षांत आशियातल्या असंख्य घरांत असली यंत्रे पोचली. आपल्याकडे तीन तासांचा हिंदी चित्रपट तीन तबकड्यांत यावयाचा. नायिका संकटात सापडे आणि नेमके तेव्हाच कोणाला तरी उठून तबकडी बदलावी लागे, हे वाचकांना आठवत असेल. 1996 साली जपानात डीव्हीडी आली. आकार तोच, पण खळगे अधिक बारीक व दाट. 470 कोटी बाइटांची धारणा, ‘एमपेग-2’ ही नवी रीत, आणि आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीने 720 गुणिले 576 ठिपक्यांचे चित्र. दोन तासांचा चित्रपट एकीतच नीट बसू लागला.

इथवर सारे सरळ होते. पेच पडला तो संगणकामुळे. 1999 च्या सुमारास जेरोम रोता या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एका संकेतपद्धतीत फेरफार करून ‘डिव्हएक्स’ प्रचारात आणले. डीव्हीडीवरचा चित्रपट आता साध्या सीडीत मावेल इतका आटू लागला. त्यातून चोरट्या चित्रपटांचा जो सुळसुळाट झाला, तो निराळा विषय. पण घरगुती फिल्मादेखील अशाच आटीव रूपात इंटरनेटवरून ये-जा करू लागल्या. 2003 साली त्याहूनही काटकसरी अशी ‘एच.264’ ही रीत ठरली, आणि भावाची फाईल नेमकी तिच्यात बांधलेली होती.

प्लेअरचा नकार आता उमगला. संगणक हा विद्यार्थी आहे. त्याला नवी रीत शिकवता येते. प्लेअर हा एकच पोथी पाठ असलेला म्हातारा. त्याच्या चिपमध्ये एमपेग-2 चे गणित कारखान्यातच कायमचे बसवलेले. आपल्या महानुभावांनी ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत लिहिले. ती किल्ली ज्याच्यापाशी नाही, त्याला पोथी हाती असून नसल्यासारखीच. इथे दुसरे काय झाले होते? 2003 नंतर डिव्हएक्स वाचणारे प्लेअर बाजारात येऊ लागले होते खरे, पण आमचा त्यांतला नव्हता.

तेव्हा पोथीचेच लिप्यंतर करणे आले. फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 2000 साली ‘एफएफएमपेग’ हे साधन सुरू केले. ते फुकट मिळते, आणि पुढे जगभरातल्या अनेकांनी ते वाढवले. शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी आपल्या लॅपटॉपवर ते चालवले. भावाची फाईल उलगडून एमपेग-2 मध्ये पुन्हा बांधली गेली. मग ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे कपाट झाले. त्यात चित्र-आवाजाच्या फायली, त्यांची अनुक्रमणिका, आणि अनुक्रमणिकेची आणखी एक राखीव प्रत. ही रचना जशीच्या तशी नसेल तर प्लेअर दारातूनच परत पाठवतो. शेवटी लेसरने तबकडी लिहून ती बंद केली. भाऊबिजेच्या संध्याकाळी ती पुन्हा प्लेअरमध्ये गेली, आणि पडद्यावर नातू उभा राहिला.

तो चालला. भिंत सोडून सोफ्यापर्यंत, आयुष्यातली पहिली सात-आठ पावले. आईने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, “अरे, हे पोर मध्येच ठेचकाळतंय बघ.”

त्यात मुलाचा दोष नव्हता. अमेरिकेत सेकंदाला तीस चित्रांची चाल, आपल्याकडे पंचवीसची. रूपांतरात सेकंदामागे पाच चित्रे गळाली होती. म्हणून पाऊल थोडे उडाल्यासारखे दिसे. मी समजावून सांगितले, पण तिला ते पटले नाही. पुढे कितीतरी महिने रोज दिवेलागणीनंतर ती तबकडी लावी आणि त्या पावलाशी पुटपुटे, “सांभाळून रे बाळा.”

आता माझा अपराध सांगतो. तबकडी झाली या समाधानात मी मूळ फाईल पुसून टाकली. पेन ड्राइव्हवर शाळेचे निकालपत्रक बसवावयाचे होते. अनुक्रमणिकेचीसुद्धा राखीव प्रत ठेवणाऱ्या त्या कारागिरांकडून मी काहीच शिकलो नाही. भावाचा संगणक दोन वर्षांत बिघडला. तोही निर्धास्त होता, आईकडे तबकडी आहे म्हणून.

पण घरी लिहिलेली तबकडी दुकानातल्या तबकडीसारखी नसते. दुकानातलीत खळगे ठशाने उठवलेले असतात. घरच्या साध्या तबकडीत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो, आणि लेसर त्यावर डाग पाडतो. ऊन, उष्मा, दमटपणा यांनी हा रंग विटतो. आमची तबकडी खिडकीशेजारच्या फळीवर होती. 2019 साली ती लावली तेव्हा चित्राचे चौकोन चौकोन झाले; चित्र आटवताना आखलेले तेच चौकोन आता उघडे पडले होते. संगणकावर पुन्हापुन्हा वाचून पाऊण तासातली अकरा मिनिटे हाती आली. चालण्याचा भाग त्यांत नाही.

गेल्या वर्षी पुतण्या आला, सोळा वर्षांचा, दारातून वाकून येणारा. “आजी, मी पहिल्यांदा चाललो ते बघायचंय,” म्हणाला. मी मान खाली घातली. आईने मात्र त्याला शेजारी बसवले आणि सगळे सांगितले : भिंत कुठे, सोफा कुठे, सदरा कुठल्या रंगाचा. “आणि मध्येच ठेचकाळलास हो तू, पण पडला नाहीस.”

त्याने बापाकडे पाहिले. भावाच्या डोळ्यांसमोर तो दिवस घडला होता. पोरगा न अडखळता चालला होता, हे तो जाणून होता. भाऊ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. गळालेल्या चित्रांपायी पडलेली ती ठेच आता आमच्या घराच्या इतिहासात कायमची लिहिली गेली आहे, आणि तिच्याविरुद्ध साक्ष देणारी मूळ फाईल मीच पुसली आहे.

म्हणून या दिवाळीत वाचकांना एवढेच सांगणे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, म्हाताऱ्या यंत्रांसाठी तबकड्या जरूर करा. त्यांना वाचता येईल अशा लिपीत आनंद पोचवणे हे पुण्याचेच काम आहे. पण नक्कल झाली म्हणून मूळ पोथी विसर्जित करू नका. फाईल दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि तबकडी उन्हात ठेवू नका.