वीणा खाली ठेवायची नाही : घणसोलीचा सप्ताह आणि साथीचे दिवस

मागच्या वेळी आपण ठाणे खाडीच्या काठची मिठागरं आणि खारबांध यांच्याबद्दल बोललो होतो. आज काठ तोच ठेवू, विषय जरा वेगळा घेऊ. माणसावर ताकदीबाहेरचं संकट कोसळलं की तो देवाकडे जातो, असं आपण सहज म्हणतो. पण जातो म्हणजे नेमकं काय करतो? आम्हाला या प्रश्नात रस आहे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. घणसोली गाव पुरे आहे.

घणसोली म्हटलं की आता ट्रान्स-हार्बरचं स्टेशन, सेक्टर आणि टॉवर डोळ्यांसमोर येतात. १९७० साली सिडको आली आणि पुढे या पट्ट्यातली शेती गेली. पण जुन्या गावात शिरलात की अजून आळ्या लागतात. गाव आगरी-कोळ्यांचं. भात, मीठ आणि खाडीची मासळी यांवर जगलेलं. इथे गोकुळाष्टमीला सात दिवस अखंड भजन होतं आणि मग दहीहंडी. या रिवाजाला शंभराहून जास्त वर्षं झाली. मुंबई-ठाण्यात हंडी म्हणजे थर, क्रेन आणि लाखांची बक्षिसं. घणसोलीची हंडी त्या जातीची नाही, ती सप्ताहाचं शेवटचं टोक आहे. तिची सुरुवात गावात सांगतात ती अशी, की महामारीची साथ आली, घराघरांतून माणसं जाऊ लागली, तेव्हा गाव हनुमानाच्या देवळात जमलं आणि अखंड भजन धरलं.

ही ऐकीव गोष्ट आहे. इतिहासात ऐकीव गोष्टीला मान द्यायचा असतो आणि तिला प्रश्नही विचारायचे असतात. पहिला प्रश्न, महामारी म्हणजे काय? जुन्या मराठीत हा शब्द पटकीलाही लावत, म्हणजे कॉलऱ्याला. आपण मात्र तो ऐकला की लगेच प्लेग म्हणतो, आणि त्याला कारणही आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी व्हायला लागली. माणसं मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या होडीने गावाकडे पळाली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ वर आली. वाढणारं शहर दहा वर्षांत आकसलं! पळणाऱ्यांबरोबर रोगही बाहेर पडला आणि ठाणे जिल्ह्यात पोचला. मात्र प्लेगचा जोर थंडीपासून होळीपर्यंत असायचा, पावसाळ्यात तो ओसरायचा. श्रावण हा पटकीचा महिना. तेव्हा घणसोलीच्या आठवणीत एकच साथ आहे असं धरून चालू नका. त्या वीस-पंचवीस वर्षांत प्लेग, पटकी, देवी आणि १८९९-१९०० चा दुष्काळ हे सगळं एकामागून एक आलं. गावाच्या आठवणीत या सगळ्याला मिळून ‘महामारी’ हे एक नाव पडलेलं असू शकतं.

अशा वेळी हातात काय होतं? सरकारचा एक मार्ग होता. १८९७ च्या साथरोग कायद्याने घरांची झडती, रोग्याला उचलून दवाखान्यात नेणं, घरच्यांना छावणीत ठेवणं. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, ते आपल्याला पाठ आहे. लोक रोगी लपवू लागले. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगचे रोगी यशवंतच्या दवाखान्यात पोचवत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. संकटात धीर कसा धरावा याचा विचार करताना हे नाव विसरून चालणार नाही.

गावाचे स्वतःचेही मार्ग होते. उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहत. उंदीर, पिसू आणि प्लेग यांचं नातं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षं गेली. आमच्या खेडुतांनी तेवढं थांबून बघितलं नाही.

दुसरा मार्ग मरीआईचा गाडा. महाराष्ट्रात कितीतरी गावांत हा होता. साथ आली की देवीला गाड्यात बसवायचं, वाजतगाजत न्यायचं आणि शिवेपलीकडे सोडून यायचं. म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत. मग त्या गावाने तो गाडा आणखी पुढे ढकलायचा. यात श्रद्धा होती, नाही असं नाही. पण ती श्रद्धा म्हणते की माझ्या दारातलं मरण तुझ्या दारात जावो. आम्ही त्यांना हसत नाही. भ्यालेला माणूस असंच करतो. २०२० मध्ये शहरातून परतणाऱ्यांना वेशीवर अडवणारी गावं आपण पाहिलीच की.

अखंड भजन याच्या अगदी उलट आहे, आणि आम्हाला वाटतं सप्ताहाचं खरं महत्त्व इथे आहे. भजनात काहीही कुणाकडे ढकलायचं नसतं. गाव आपल्याच देवळात, आपल्या मेलेल्या माणसांसकट, बसून राहतं.

आता हे बसणं किती अवघड आहे ते बघा. सात दिवस म्हणजे १६८ तास. वीणा जमिनीला टेकवायची नाही, नाम तुटू द्यायचं नाही. एका माणसाच्याने हे होणारच नाही, म्हणून पहारे लावायचे. दोन तासांचा एक पहारा धरला तर ८४ पहारे होतात. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी, शिवाय टाळकरी आणि मृदंगी. ज्या गावात रोज तिरडी उठते तिथे एवढी माणसं आणायची कुठून? तर आळ्यांतून. या आळीचा पहारा संपला की त्या आळीचा. शब्दही बघा कसा आहे, पहारा. चौकीदाराचा शब्द. खारबांधाला खांड पडली की आख्खं गाव माती घेऊन धावतं, कारण एकाच्या शेतात भरतीचं पाणी शिरलं की सगळ्यांचीच शेतं गेली. ही सवय अंगात असलेल्या माणसांना पहारा वाटून घेणं शिकवावं लागलं नसेल.

तुमच्यापैकी जे कधी रात्री तीनच्या पहाऱ्याला उभे राहिलेत त्यांना ठाऊक असेल, त्या वेळी भक्तीचा उमाळा वगैरे काही नसतो. पाय दुखतात, डोळे मिटतात. तरी उभं राहायचं, कारण पाच वाजता दुसरा येणार आहे.

पण इथे आम्ही भजनाची बाजू घेऊन डोळे झाकणार नाही. साथीत माणसं जमवणं धोक्याचं असतं. प्लेग पिसवांतून पसरायचा, त्यामुळे उंदरांच्या घरापेक्षा उघडा सभामंडप कदाचित बराच. पटकी मात्र पाण्यातून येते. एका विहिरीचं पाणी आणि एका पंगतीचं जेवण म्हणजे तिला आमंत्रण. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या वाटेवर पटकीने किती वारकरी गेले! श्रद्धेने त्यांना वाचवलं नाही. ‘सप्ताह घातला आणि साथ थांबली’ या वाक्यातला ‘आणि’ इतिहासाला पेलत नाही. साथी ओसरतात, तशी तीही ओसरली असेल. प्रश्न तो नाहीच. साथ चालू असताना गाव मोडून पडलं की एकत्र राहिलं, हे आम्ही विचारतोय.

तुकोबांच्या चरित्रात हेच दिसतं. १६३०-३२ चा दुष्काळ. दुकान बुडालं, पत गेली, बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. त्यानंतर काय केलं? परंपरेने सांगितलेल्या चरित्रात ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसतात. परत येतात तेव्हा देहूतलं पूर्वजांचं विठ्ठलाचं मोडकं देऊळ दुरुस्त करायला घेतात. पुढे कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत सोडतात. मेलेली बायको परत मिळणार नव्हती, देवाने तसं काही कबूलही केलं नव्हतं. तरी देवळाची दुरुस्ती झाली.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, १६३३ मध्ये, जर्मनीतल्या ओबरामरगाऊ या डोंगरी खेड्यात प्लेगने माणसं मरत होती आणि गावाने नवस केला की येशूच्या दुःखभोगाचं नाटक आम्ही करत राहू. पहिला प्रयोग १६३४ मध्ये झाला. साधारण दर दहा वर्षांनी गाव अजून ते करतं. आपल्या सप्ताहासारखंच, हे काम बाहेरच्या नटांचं नाही, गावकऱ्यांचं. २०२० ची पाळी मात्र कोरोनामुळे पुढे गेली आणि प्रयोग २०२२ मध्ये झाले. साथीतून जन्मलेला नवस साथीनेच थांबवला.

त्याच वर्षी आपल्याकडे वारी पायी निघाली नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, आळंदी आणि देहूच्या पादुका मोजक्या माणसांबरोबर एसटीने पंढरपूरला गेल्या. बऱ्याच जणांना ते बघवलं नाही. आम्हाला स्वतःला त्या एसटीचं फार कौतुक वाटतं. लाखो माणसांनी आपला पहारा वीस-वीस जणांच्या हाती सोपवला आणि घरी राहिली. वारी तुटली नाही, आणि पंढरीच्या वाटेवरची पटकीसुद्धा पुन्हा घडली नाही.

घणसोलीत आता शेतं नाहीत. आळ्यांत इमारती झाल्या, पोरं शिफ्टमध्ये कामाला जातात. तेव्हा कधी श्रावणात गेलात तर हंडीच्या गर्दीत जाऊ नका, त्याआधी एखाद्या रात्री पहारा बदलताना जा. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तो क्षण बघा. देणारा आणि घेणारा, दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा पोराच्याही पाया पडतो. तेवढ्या वेळात टाळ थांबत नाही.