किंथुपचे ओंडके

गुवाहाटीस ब्रह्मपुत्रेच्या काठी बसलो असता मला राहून राहून एका निरक्षर माणसाची आठवण येत होती. सिक्कीमचा किंथुप तो.

तिबेटातली त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा काय, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद. मधल्या दुर्गम घळीत नदी हजारो फूट उतरते. तेव्हा तेथे प्रचंड धबधबा असलाच पाहिजे, असा साहेबांचा तर्क. १८८० साली कॅप्टन हार्मनने एका चिनी लामाबरोबर किंथुपला धाडले. खुणेचे ५०० ओंडके त्याने नदीत सोडायचे, आसामात त्यांवर पाळत राहायची, असा बेत. लामाने वाटेत त्यालाच गुलाम म्हणून विकले! तो पळाला, एका मठाधिपतीने ५० रुपये भरून त्याला ठेवून घेतले. तरीही त्याने सुटी मागून, रोज ५० याप्रमाणे, ओंडके सोडलेच. मात्र त्याचे पत्र हार्मनला मिळालेच नाही. तो हिंदुस्थान सोडून गेला होता. ओंडके कोणी पाहिले नाहीत.

परतल्यावर त्याची हकिगत दुसऱ्याने लिहून घेतली. तीत नदीवर १५० फुटी धबधबा आला. १९१३ साली बेली आणि मॉर्सहेड तेथे पोहोचले, तो अवघा ३० फुटांचा! बेलीने दार्जिलिंगच्या बाजूस किंथुपला शोधून विचारले. तो म्हणाला, १५० फुटांचा तो शेजारच्या ओढ्याचा. चूक लेखणीची होती.

१९९८ साली त्याच घळीत, खुद्द नदीवर, सुमारे १०० फुटांचा धबधबा आढळला. इतिहास वाचताना मी आता आधी विचारतो, सांगणारा कोण आणि लिहिणारा कोण?