जमिनीखालचं गटार कुठं फुटलं? न खोदता शोधून देते धुराची चाचणी

आर्णी : न्हाणीत सतत वास येतो, भिंतीला खालून ओल चढते, संडासाच्या पाईपाजवळची जमीन भर उन्हाळ्यातही ओलसर दिसते. अशा वेळी मिस्त्री येतो आणि अंदाजानं अंगण खोदायला घेतो. भूमिगत गटारं असलेल्या शहरांत मात्र आधी धूर सोडून पाहतात. हीच 'स्मोक टेस्ट'.

रीत सोपी आहे. रस्त्यावरच्या चेंबरच्या तोंडावर मोठा पंखा ठेवतात आणि त्यातून बिनविषारी पांढरा धूर पाईपात ढकलतात. वाट मिळेल तिथून धूर वर येतो. छतावरच्या गॅस पाईपातून निघाला तर ते बरोबरच आहे. अंगणातल्या भेगेतून, भिंतीच्या कडेनं किंवा पावसाच्या पाण्याच्या पाईपातून निघाला, तर तिथं पाईप फुटलेला आहे किंवा चुकीचा जोडलेला आहे. त्या जागी खूण करून तेवढंच खोदायचं. लोकांना आग लागल्यासारखं वाटू नये म्हणून घरोघरी आधी कळवतात.

घराच्या आत धूर आला तर मात्र लक्ष द्यावं लागतं. न्हाणीच्या जाळीखाली वाकडा भाग असतो, त्यात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वायू अडतो. देशभरातले प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, म्हणजे शब्द आपल्याच न्हाणीचा. बंद खोलीतली न्हाणी आपल्याकडच्या मे महिन्यात लवकर कोरडी पडते आणि वास सुरू होतो. खर्च करण्याआधी तिथं दोन तांबे पाणी ओतून पाहा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटाव्यात.

नवीन घर बांधणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राष्ट्रीय इमारत संहितेत संडास-न्हाणीच्या जमिनीवरच्या पाईपांसाठी ही चाचणी सांगितलेली आहे : सगळे ट्रॅप पाण्यानं भरायचे आणि २५ मिलिमीटर पाण्याइतक्या दाबानं १५ मिनिटं धूर धरून ठेवायचा. गावात हे यंत्र मिळणं अवघड. मग जमिनीखालच्या पाईपाचं खालचं तोंड बंद करून तो पाण्यानं भरा, खूण करा आणि पातळी उतरते का ते पाहा. माती लोटण्याआधीच हे करा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाईपाचे सांधे हलवते.

घरी धूर करू नका. टाकीत किंवा चेंबरमध्ये कागद, चिंध्या पेटवून पाहण्याचा उद्योग जिवावर बेतू शकतो. संडासाच्या टाकीत मिथेन साचतो, त्याचा भडका उडतो. आत उतरूही नका, कोणाला उतरवूही नका. हायड्रोजन सल्फाईडनं माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

धुरालाही मर्यादा आहेत. पाईप पाण्यानं भरलेला असेल किंवा जमीन चिंब असेल तर धूर वर येत नाही, म्हणून ही चाचणी कोरड्या दिवसांत करतात.

आणि खरा धोका धुराला दिसतच नाही. अनेक गल्ल्यांत नळाचं कनेक्शन सांडपाण्याच्या नालीतून गेलेलं असतं. पाणी सुटलेलं असताना दाब असतो, म्हणून घाण आत येत नाही. नळ बंद झाला की दाब जातो आणि सांध्यातून नालीचं पाणी पाईपात शिरतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बादलीला वास येतो तो यामुळंच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय दूषित पाण्यावरच होता.

त्यामुळं नालीतला पाईप वर उचलून घ्या, निदान त्या भागात सांधा ठेवू नका. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे ओटी चाचणीत कळतं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या घरातल्या नळालाही लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. गावात ही तपासणी जलसुरक्षकाकडं असते. पाण्याला वास आला तर ग्रामपंचायतीला, आर्णी शहरात नगर परिषदेला लेखी कळवा, आणि तोवर पाणी उकळून प्या.