तंजावरचे श्वार्ट्‌झचे चर्च

परमुलखात रुजलेल्या घराण्यांचा इतिहास त्यांच्या वाड्यांत, देवळांत आणि दप्तरांतच असतो असे नाही. कधी तो परधर्मीयांच्या प्रार्थनामंदिरातही जतन झालेला आढळतो. चलथाणसारख्या गुजराती मुलखातील गावी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच तंजावरच्या एका लहानशा चर्चची हकीकत सांगावीशी वाटते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी राज्य स्थापिल्यापासून तंजावर हेही मराठ्यांचे परमुलखातील घरच होते.

त्या शहराच्या लहान किल्ल्यात, शिवगंगा तळ्यानजीक, १७७९ साली या चर्चचा पाया घातला गेला. ते उभारणारा ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ हा प्रशियातील लुथेरन धर्मोपदेशक. १७५० साली तो डॅनिश अंमलाखालील तरंगमबाडीस आला. तमिळ तर तो शिकलाच. राजदरबारी बोलता यावे म्हणून त्याने मराठीही आत्मसात केली.

१७८७ साली तुळजाजीराजे मृत्युशय्येवर होते. नुकतेच दत्तक घेतलेले दहा वर्षांचे सरफोजी त्यांनी श्वार्ट्‌झच्या हाती सोपविले. गादीवर मात्र अमरसिंह बसले आणि बाळराजांचे हाल सुरू झाले. श्वार्ट्‌झने त्यांची बाजू कंपनी सरकारपुढे मांडली, शिक्षणाची व्यवस्था केली. १७९८ च्या फेब्रुवारीत तो वारला. त्याच वर्षी पुढे सरफोजी गादीवर आले. तो सोहळा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

सरफोजींनी स्वधर्म सोडला नाही, आणि उपकारही विसरले नाहीत. श्वार्ट्‌झच्या थडग्यासाठी त्यांनी स्वतः इंग्रजी पद्य रचले. चर्चसाठी इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून आणविले. त्यात मरणोन्मुख गुरूचा हात हाती घेतलेले मराठी राजे दिसतात. याच राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला.

या कथेला दुसरी बाजूही आहे. ज्या कंपनीने गादी दिली, तिनेच १७९९ च्या तहाने राज्यकारभार काढून घेतला. श्वार्ट्‌झवर कंपनीचाही विश्वास होता, हे विसरून चालणार नाही. तथापि राजकारणाचा हिशेब निराळा आणि एका पोरक्या मुलाला मिळालेल्या आधाराचा निराळा. सरफोजींनी दुसरा हिशेब दगडात चुकता केला.

आपल्या वाडवडिलांनाही या भूमीत कोणी परक्यांनी हात दिला असेलच. त्यांची नावे आपल्या कुळवृत्तांतांत आहेत काय? नसल्यास, जाणती माणसे हयात आहेत तोवर ती विचारून लिहून ठेवावीत, एवढीच आमची विनंती.