स्पीकरची वायर महाग कधी झाली?

1970च्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक घरांत स्पीकरला टेबललॅम्पचीच साधी वायर जोडायचे. मग आला नोएल ली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला हा इंजिनिअर. घरच्या गॅरेजमध्ये वेगवेगळ्या वायरी लावून तो चायकोव्हस्कीचं ‘1812 ओव्हर्चर’ ऐकून बघायचा. त्यातूनच 1979मध्ये मॉन्स्टर केबल ही कंपनी उभी राहिली, आणि वायर हा वेगळा, महागडा माल झाला.

मला गंमत वाटते ती ही, की सुरुवात घरगुतीच होती! मग आपण का नाही?

हिशोब सोपा आहे. स्पीकर 5 मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. 2.5 स्क्वेअर एमएमच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स साधारण 0.07 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरपुढे हा एक टक्काही नाही! उरलेल्या तुकड्यांचे जंपर करा. ज्या स्पीकरमागे चार टर्मिनल असतात, तिथल्या पत्र्याच्या पट्ट्या काढून ते लावा: प्लसला प्लस, मायनसला मायनस. आधी अँप बंद करा, आणि सुटे धागे एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर अँप जाईल.

वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. फरक तिथे ऐकू येतो. भेटू पुढच्या भागात!