मांडी, पट्टा आणि उंची : मोटारीतील लहान मुलाच्या आसनाचा इतिहास

थ्रेड 🧵

१/ साताऱ्याहून सांगलीकडे निघालेल्या मोटारीत आई मागे बसते आणि मूल तिच्या मांडीवर. हे दृश्य इतके परिचयाचे आहे की त्यालाही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. मांडी ही सर्वांत सुरक्षित जागा, हा समज कोणत्या काळात खरा होता आणि कोणत्या वेगाला तो खोटा ठरला, हे पाहू.

२/ मोटारी येण्यापूर्वी पालच्या खंडोबाला, मांढरदेवच्या काळूबाईला किंवा कृष्णाकाठच्या औदुंबरला जाणारी कुटुंबे बैलगाडीने निघत. गाडीत कडबा पसरायचा, त्यावर घोंगडी अंथरायची आणि मुले मध्ये बसवायची. तान्हे मूल आईच्या मांडीवर असे. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच, ताशी चार-पाच किलोमीटर.

३/ त्या वेगात चाक खड्ड्यात गेले तरी आईचे हात मुलाला सावरू शकत. म्हणजे मांडीवरचा विश्वास अंधश्रद्धा नव्हता. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला होता. पुढे वाहन बदलले, वेग वीसपट झाला, पण सवय तीच राहिली.

४/ या बदलाशी सांगलीचे एक नाते आहे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि तिचीच पद्मिनी रस्त्यावर आली. तिच्या पुढच्या बाजूला सलग बाक आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. साहजिकच आईवडिलांच्या मध्ये मूल उभे राही.

५/ पाश्चात्त्य देशांतही आरंभी वेगळे चित्र नव्हते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘बनी बेअर’ कंपनीने मुलांसाठी मोटारीतील आसने विकली. पण हेतू सुरक्षिततेचा नव्हता. मूल उंच बसावे, त्याला खिडकीबाहेर दिसावे आणि आईवडिलांचे त्याच्यावर लक्ष राहावे, एवढेच अपेक्षित होते. ‘उंच बसवणे’ ही कल्पना येथून सुरू होते. तिचा अर्थ मात्र नंतर पार बदलला.

६/ वेगाचे गणित असे : ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून थांबते, तेव्हा आतल्या शरीरावर त्याच्या वजनाच्या वीस-तीसपट बल येऊ शकते. १० किलोचे मूल त्या क्षणी दोनशे-तीनशे किलोंसारखे पुढे ओढले जाते. कोणत्याही आईचे हात ते पेलू शकत नाहीत. आईनेही पट्टा लावला नसेल, तर मूल पुढचे आसन आणि तिचे शरीर यांच्यामध्ये सापडते.

७/ १९५९ साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा सीट बेल्ट मोटारीत आणला. एक पट्टा कमरेवर, दुसरा खांद्यावरून छातीवर. बोलिन यांनी यापूर्वी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केले होते. व्होल्वोने या रचनेचे पेटंट इतर उत्पादकांसाठीही खुले ठेवले.

८/ पण हा पट्टा प्रौढ माणसाच्या मापाचा होता. त्याचे काम धक्का हाडांवर घेण्याचे : खाली कटीचे हाड, वर खांदा आणि छातीचा पिंजरा. १९६२ साली अमेरिकी वैद्यकीय लेखनात ‘सीट बेल्ट सिंड्रोम’ हा शब्द आला. कमरेचा पट्टा पोटावर सरकला की आतडी आणि पाठीचा कणा यांना इजा होते. मुलांचे कटीचे हाड पुरते घडलेले नसते, म्हणून त्यांच्या अंगावर पट्टा सहज वर सरकतो.

९/ त्याच वर्षी ब्रिटनच्या जीन एम्स आणि अमेरिकेचे लेनर्ड रिव्हकिन यांनी मुलाला खरोखर वाचवण्यासाठी आसने रचली. स्वीडनमध्ये बर्टिल ऑल्डमन यांनी १९६४ साली मागे तोंड करून बसण्याच्या आसनाचा नमुना तयार केला. त्यांना ही कल्पना अंतराळवीरांच्या पाठीवर रेलण्याच्या स्थितीवरून सुचली, असे सांगितले जाते.

१०/ तान्ह्यांचा प्रश्न सुटू लागला. चार-पाच वर्षांच्या मुलांचे काय? त्यांचे उत्तर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाले. बूस्टर म्हणजे केवळ एक घट्ट उंच बैठक. ती मुलाला धरून ठेवत नाही. मुलाला वर उचलते, म्हणजे प्रौढांचा पट्टा मांडीच्या वरच्या टोकाशी आणि खांद्याच्या मध्यावर बसतो. ‘बनी बेअर’ने मुलाला दिसावे म्हणून उचलले होते, बूस्टरने ते पट्ट्यासाठी उचलले.

११/ मग नवीनच अडचण समोर आली. आसन उत्तम, पण मोटारीत ते नीट बसतच नाही. प्रत्येक मोटारीची बैठक, पट्ट्याची लांबी, बकलची जागा वेगळी. म्हणून १९९९ साली आयसोफिक्स या आंतरराष्ट्रीय मानकाने मोटारीच्या सांगाड्यालाच ठरावीक कड्या जोडण्याची पद्धत आणली. आसन आणि मोटार ही जोडी म्हणून पाहावी, हा विचार येथे पक्का झाला.

१२/ आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली. पुढे पुणे-बंगळूरू महामार्ग चौपदरी झाला. उंब्रज, कऱ्हाड, पेठनाका ही अंतरे मिनिटांत मोजली जाऊ लागली. मुलांविषयीचा कायदा मात्र उशिरा आला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने कलम १९४ ब आणले : १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित नसेल, तर १००० रुपये दंड.

१३/ कायदा वय मोजतो, पण पट्टा उंची ओळखतो. युरोपातील नियम म्हणूनच १३५ ते १५० सेंटिमीटरपर्यंतच्या मुलांसाठी बालआसन मागतात. दहा वर्षांची दोन मुले एकाच वर्गात असतात. एकाला बूस्टर लागतो, दुसऱ्याला लागत नाही. ‘आता मोठा झाला’ हे वाक्य वाढदिवसाच्या केकवरून ठरत नाही.

१४/ म्हणून बूस्टर निवडताना आधी मोटार पाहावी. ज्या जागी तो ठेवायचा, तेथे तीन बिंदूंचा पट्टा हवाच. अनेक मोटारींत मागच्या मधल्या जागी केवळ कमरेचा पट्टा असतो. तेथे बूस्टर निरुपयोगी, उलट घातक. जुन्या सुमो-बोलेरोतील आडव्या बाकांवरही तो चालत नाही. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडात मूल हमखास याच दोन जागी बसते.

१५/ पुढची परीक्षा मुलाला बसवून घ्यावी. बूस्टर डळमळू नये. बकल त्याच्या कडेखाली दबू नये. पट्टा मानेला न लागता खांद्याच्या मध्यावरून जावा. मोटारीची पाठ बुटकी असेल, तर पाठ असलेला बूस्टर घ्यावा. नव्या युरोपीय मानकात बिनपाठीचा बूस्टर १२५ सेंटिमीटरवरील मुलांसाठीच मान्य होतो. आसनावर आर १२९, आर ४४ किंवा भारतीय एआयएस-०७२ ही खूण पाहावी.

१६/ बूस्टर कधी सुटतो? त्याच्याविना पाठ पूर्ण टेकून गुडघे बैठकीच्या कडेला वाकतात आणि पट्टा दोन्ही ठिकाणी हाडांवरच राहतो, तेव्हा. बैलगाडीच्या काळातील आईने आपल्या वेगाला शोभेल अशी जागा मुलाला दिली होती. आजच्या वेगाला शोभणारी जागा मांडीशेजारी आहे, एका पट्ट्याच्या अंतरावर. दिवाळीला गावी निघण्यापूर्वी हा थ्रेड घरातील वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवावा.